आत्याचा पहिला हक्क

लोणावळा,
१२ जून १९७१

चि. गेणू यास,

आक्काचे आशीर्वाद. इकडे आम्ही धडधाकट आहोत, तिकडे तुम्हीही असाल असं धरून चालते.

कार्ड नेहमीप्रमाणे धोंडिबाच वाचून दाखवत असतील, म्हणून आधी त्यांना रामराम. धोंडिबा, धरणाच्या पाण्यामुळे आपली टेपवाडी आठ महिने बेट होऊन बसते. तुमच्या डोणीशिवाय तिथे टपाल पोचत नाही आणि तुमच्याशिवाय ते वाचणारं मोठं माणूस नाही. वैशाखात तुमच्या शिदूची आमच्या चिंगीशी ठरलेली सोयरीक माझ्यामुळे मोडली. त्याचा राग तुम्ही डोणीवर काढला नाहीत, हे तुमचं मोठेपण.

गेणू, चिंगी बी.एस्सी. झाली. पेपरात नंबर छापून आला. माझ्या कान्हूने सगळ्या रेल्वे चाळीत पेढे वाटले. पलीकडच्या काठावरच्या शाळेत चौथीपुढे वर्ग नाही म्हणून अकरा वर्षांपूर्वी तू तिला माझ्याकडे पाठवलीस, तेव्हा ती दाराआड उभी राहून रडत होती. आता ती माझ्या चुका काढते. मला अक्षर तिनेच शिकवलं, त्यामुळे निमूट ऐकून घ्यावं लागतं.

लग्नाचं विचारलंस. ज्येष्ठात जमत नाही. कान्हूला लोको शेडमधून रजा नाही. पंचांपुढे मी भाची सून म्हणून मागितली आहे, तो शब्द काही पळून जात नाही. चिंगी खुशाल आहे. धाकट्या भागूची शाळा बुडवू नकोस, तिचं चौथीचं वर्ष आहे.

तुझी आक्का,
सावित्रा


लोणावळा,
४ ऑगस्ट १९७१

चि. गेणू यास आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. अरे, चातुर्मासात लग्न होत नाही हे मी तुला सांगायला हवं का? देवांनीच चार महिने मुहूर्त बंद ठेवले आहेत, त्याला मी काय करू? तुळशीचं लग्न होऊ दे, मग बघू.

चिंगी माझ्या घरात होणारी सून म्हणून रुळली का, असं विचारलंस. पोरगी कामाला वाघ आहे, एवढं सांगते. खुशाल आहे. घाटात पाऊस फार आहे आणि चाळीचं छत गळतं, त्यामुळे कार्ड थोडं भिजलं आहे. धोंडिबांना वाचायला त्रास झाला तर माफी मागते.

सावित्रा


लोणावळा,
२७ ऑक्टोबर १९७१

चि. गेणू,

या वेळी कार्ड नाही, पाकीट आहे आणि खळ लावून नीट चिकटवलं आहे. धोंडिबाकडे नेऊ नकोस. भागूला समोर बसव आणि तिच्याकडून वाचून घे. भागू, सावकाश वाच. जोडाक्षरापाशी अडखळलीस तरी चालेल, गाळू मात्र नकोस.

सीताराम पंच दिवाळीच्या बाजाराला इथे आले होते. त्यांनी तुझा निरोप सांगितला. "गेणू म्हनतो, आक्का लगीन बी लावीत न्हाई आन् पोरगी बी दावीत न्हाई. माजी पोर तिनं बुडवली. आता भागू कुटं जानार न्हाई. धोंडिबाचं मन राखाया त्याच्या धाकट्यासंगं भागूची सुपारी फोडायची, तुळशीचं लगीन झालं की."

मी त्यांना चहा दिला, भाकरी दिली, वाटेला लावलं. मग ठरवलं, आता लपवाछपवी पुरे.

तर ऐक. कान्हूचं आणि चिंगीचं लग्न होणार नाही. ते कधी व्हायचंच नव्हतं. अकरा वर्षं दोघं एका छपराखाली वाढली, भांडली, एका ताटात जेवली. यंदाच्या भाऊबीजेला तिने त्याला पाकिटातून कुंकू आणि अक्षता पाठवल्या, आणि त्याने त्या कपाळाला लावल्या. कान्हूने कामशेतची मुलगी पसंत केली आहे. मार्गशीर्षात लग्न आहे, तू मामा म्हणून उभा राहायला ये. आलास तर.

आणि चिंगी इथे नाही. ऑगस्टच्या कार्डात मी 'खुशाल आहे' लिहिलं, कुठे ते लिहिलं नाही. जुलैपासून ती रत्नागिरीकडे समुद्रकाठच्या एका सरकारी केंद्रात आहे. समुद्राचं पाणी, त्यातले मासे, शेवाळ, किनारा खराब का होतो, मासा कमी का होतो, या सगळ्याचा तिथे अभ्यास असतो. दोन वर्षांचं शिक्षण. तिथे निवडलेल्या बारा जणांत ती एकटी मुलगी आणि एकटी आपल्या डोंगरातली.

आता वैशाखाचं. तू मला न विचारता धोंडिबाच्या ओसरीवर सुपारी फोडलीस. ती बातमी इथे पोचली त्याच दिवशी चिंगीच्या हातात त्या केंद्राचं पत्र आलं होतं. ती रडली नाही. "आत्या, आबा पंचांपुढे शब्द देऊन बसलेत, आता कोण मोडणार?" एवढंच म्हणाली आणि पत्र घडी करून डब्यात ठेवलं. ते मला बघवलं नाही. आणि शिक्षणासाठी सोयरीक मोडा म्हटलं असतं तर पंच हसले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांना समजेल तेच बोलले. तू होतास तिथे. मी भंडारा उचलून म्हणाले, "भाची आत्याची. माझ्या कान्हूला केली. पयला हक माजा, मला इचारल्याबिगर सुपारी फुटलीच कशी?" धोंडिबा उठून उभे राहिले. सीताराम पंचांनी त्यांना हाताने खाली बसवलं. "बाई खरं बोलतीया. आत्याला इचारल्याबिगर फुटलेली सुपारी, ती सुपारी न्हवं." लुगडं परत गेलं, नारळ परत गेला. एक चूक तू केलीस आणि तीच मी हत्यार म्हणून वापरली.

खोटी शपथ घेतली, हे कबूल आहे. पण त्यानंतर तू जे केलंस ते मला अजून टोचतं. तू वाडीभर गूळ वाटलास. माझ्या पाया पडलास. म्हणालास, "आक्का, मंग तवाच सांगायचं व्हतंस. माजी पोर तुज्या घरात, मला आनि काय पायजे?" तेव्हा माझी मान वर होईना. सख्ख्या भावाला आनंदाने रडवलं आणि तो आनंद खोटा होता. त्याची मला लाज आहे, गेणू. तेवढ्याचीच. बाकी कशाची नाही.

बुडवली म्हणतोस? आठव, दर चैत्रात पाणी आटायला लागलं की आपल्या कडेला मासा उलटा होऊन तरंगतो. आजीच्या काळापासून आपण पाण्यातल्या साती आसरांना कोंबडं देत आलो आणि मेलेला मासा पुरत आलो. आठ वर्षांच्या चिंगीने तुला विचारलं होतं, "आबा, आसरा मोठ्याच माशांना का मारतात, पिल्लांना का न्हाई?" तू तिला गप्प बसवलंस. माझ्याकडे आल्यावर ती एका चैत्रात शाळेत त्या पाण्याची बाटली घेऊन गेली. मास्तर म्हणाले, "मला माहीत नाही, पोरी. तूच शिक आणि मला सांग." मोठं माणूस 'मला माहीत नाही' म्हणतं, हे तिने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून ती थांबलेली नाही. आता ती लिहिते की पाण्यातला प्राणवायू कमी पडत असणार आणि मोठ्या माशाला तो जास्त लागतो. येत्या चैत्रात सुट्टी काढून, मोजायची साधनं घेऊन वाडीवर येणार आहे. अर्धं वर्ष वाडी माशावर जगते. हे कुणीतरी विचारायला हवं की नको?

तिच्या पत्रातली एक गोष्ट सांगते. नारळी पौर्णिमेनंतर त्यांना पहिल्यांदा होडीतून समुद्रात नेलं. होडीवाला म्हणाला, बाईमाणूस होडीत नको, अपशकुन होतो. ही सरळ जाऊन बसली. थोडं पुढे गेल्यावर शहरातली मुलं ओकायला लागली. दोघांनी तर होडीवाल्याचे पाय धरले. वल्ह्यावरचा एक माणूस त्यांना सांभाळायला गेला, तेव्हा हिने त्याचं वल्हं घेतलं आणि बंदरापर्यंत मारलं. उतरताना होडीवाल्याने विचारलं, "कुठल्या बंदरातली गो तू?" ही म्हणाली, "मावळातली. आमच्याकडे शाळेत जायला वल्हवावं लागतं." मी हे चाळीत चार बायकांना वाचून दाखवलं. माझा आवाज चढला होता, ते कान्हूने मला नंतर सांगितलं.

मला अकराव्या वर्षी त्याच धोंडिबाच्या बापाच्या डोणीत बसवून सासरी पाठवलं. पलीकडच्या काठाला उतरेपर्यंत मला वाटत होतं की आपण जत्रेला निघालोय. मला कुणी विचारलं नव्हतं. भागूला आता अकरावं आहे.

पंचांना हे सगळं कळवायचं तर कळव. मी स्वतः मार्गशीर्षी पौर्णिमेला वाडीवर येते आणि सगळ्यांपुढे उभं राहून सांगते की मी खोटं बोलले. वाळीत टाकायचं तर टाकू देत. धोंडिबा डोण देणार नसतील तर मी काठावरून ओरडून सांगेन, माझा आवाज पोचतो. शिदू चांगला मुलगा आहे, त्याला दुसरीकडे चांगली मुलगी मिळेल, त्यासाठी मी चार दारं फिरेन. पण चिंगी परत येणार नाही. भागूसाठीही माझ्या घरात चिंगीची जागा झाडून ठेवली आहे. पाचवीचा वर्ग जूनमध्ये भरतो.

भागू, इथवर नीट वाचलंस ना? आता शेवटचं तेवढं मोठ्याने वाच. आबाकडे बघून वाच.

गेणू, मला एकच मुलगा. त्याचं नाव पुढे करून झालं. भागूच्या वेळी हक्क सांगायला माझ्याकडे कुणी नाही, खोटं बोलायलाही काही उरलं नाही. धोंडिबाला या वेळी 'न्हाई' तुलाच म्हणावं लागेल, तुझ्या तोंडाने. तुझी मुलगी समोर बसली आहे. आत्ता, तिच्यादेखत एकदा म्हणून बघ, तोंडात बसतं का.

तू पाया पडावंस अशा लायकीची नसलेली, तरी न हटणारी,
तुझी आक्का
सावित्रा