वाकेल तो हरेल

कानाझावा, थंडीची सुरुवात

आदरणीय तोकुहेई मामा यांस शुन्साकुचा वाकून नमस्कार.

बर्फाचं ओझं पेलावं म्हणून इकडे पाइनच्या फांद्यांना दोर बांधून झाले, म्हणजे तिकडे हिमीलाही वारा बोचू लागला असेल. तुमचा गुडघा कसा आहे? नीट वाकतो ना? मामींचा खोकला थांबला का? मी मिठाईच्या दुकानात सुखरूप आहे. सुखरूप म्हणजे तब्येतीने.

गुरुवारची ती वकिलाची मालिका लागली की तुम्ही टीव्ही बंद करता, असं मामींनी लिहिलं होतं, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यातले वकील कुरोइवा स्वतःच्या आईवर लोणच्याच्या बरणीवरून दावा लावतात आणि जिंकतात. समोरच्या पक्षाने रिवाजाप्रमाणे माफीची मिठाई आणली, की ते ती भर कोर्टात वजनकाट्यावर ठेवतात, "इतक्या वजनाचा गुन्हा कबूल" म्हणतात आणि तिथेच खातात. "वाकेल तो हरेल" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतः आजवर एकाही भागात कोणापुढे वाकलेले नाहीत. (आमचं दुकान माफीच्या मिठाईवरच चालतं. लाल चवळीची घट्ट, विटेसारखी वडी. जितकी जड, तितका पश्चात्ताप खरा. त्यामुळे मालकांना ही मालिका बघवत नाही. मालकीणबाई आणि मी बघतो.)

तर झालं असं. हासुनुमाबाई आमच्या फार जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीच्या सोयरिकीचा मिठाईचा खोका मी बांधला. शुभकार्याला कागदाची घडी एका बाजूने आणि दुखवट्याला उलट बाजूने घालतात, हे तुम्हांला सांगायला नको. त्या आठवड्यात गल्लीत बरेच वृद्ध गेले होते, हात त्याच वळणाने गेला. (घडी मात्र कोपऱ्याला कोपरा जुळवून घातली होती.) खोका पुढे ठेवल्यावर मुलाच्या आजीने हात जोडले आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

बाई दुकानात आल्या. मी जमिनीला कपाळ टेकायचं, एवढंच काम होतं. पण आदल्या दिवशी गुरुवार होता. मी ताठ उभा राहून म्हणालो, "पुरावा?" बाईंनी पिशवीतून कागद काढला. घड्या जशाच्या तशा होत्या. मी म्हणालो, "आपण उलटा धरला असेल." तेव्हा मालक आतून अनवाणी धावत आले.

माफीला आपल्याच दुकानातली मिठाई नेणं म्हणजे फुकटात सुटणं. म्हणून मालकांना पुलापलीकडच्या दुकानात जावं लागलं, ज्यांच्याशी त्यांच्या वडिलांपासून बोलणं नाही. त्या दुकानदाराने "एवढं जड? काय केलंत तरी काय?" असं फार आपुलकीने विचारलं. मग आम्ही दोघे बाईंच्या दारात वाकलो. बाईंनी खोका घेतला, आतून काटा आणला आणि आमच्यासमोर वजन केलं. (मामा, त्याही मालिका बघतात. मालकीणबाई म्हणतात, कुरोइवा वकिलांचा फोटो त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.) "गुन्हा कबूल," त्या म्हणाल्या, "पण पश्चात्ताप हलका आहे." आणि दार लावून घेतलं.

परतताना पुलावर मालक म्हणाले, "पोरा, नव्या वर्षाच्या मिठाईची मागणी त्या घरातून आली तर तू इथे. नाही आली तर मामाकडे जाऊन जाळी ओढ. मासा कसाही गुंडाळला तरी कोणी हात जोडत नाही." मामा, तुमच्या होडीबद्दल मला आदर आहे, पण धक्क्यावर उभं राहिलं तरी मला मळमळतं. आणि वडी कापायला मला कालपरवाच हातात सुरी मिळाली आहे.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
शुन्साकु

ता. क. मधोमध भांग आणि झुपकेदार भुवया यांमुळे बाजारातले लोक तुम्हांला 'कुरोइवा वकील' म्हणतात आणि तुम्ही चिडता, हेही मामींनी लिहिलं होतं. येत्या रविवारी इकडे येऊ शकाल का? बोलायचं काही नाही. काळा सूट घालून हासुनुमाबाईंच्या दारात एकदाच वाकायचं, पण अगदी जमिनीपर्यंत. गुडघ्याची चौकशी केली ती त्यासाठीच. तोवर कृपा करून केस कापू नका.

ता. क. दुसरा. सोबत मामींसाठी मिठाई पाठवतो आहे. खोका मीच बांधला आहे. घडी उलटी दिसली तर घाबरू नये, इकडे सगळे जिवंत आहेत.