धूळ परत यायच्या आत

८ जाने., रवि. कारापूर
आजही फोटो बिघडले. सूर्याच्या कडेला ज्वाला होती, झावळीसारखी वाकलेली. डोळ्याला दिसली, फोटोत नुसतं पिठलं. दुर्बीण छोटी, कबूल. पण तिचा तांबडा फिल्टर चांगला आहे. मीच कुठेतरी चुकतेय.
ह्यांनी बातमी आणली, बंद पडलेली खाण परत सुरू होणार. अंगणात इतकी वर्षं उभा असलेला ट्रक लगेच धुवायला काढला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण धूळही आठवली. खनिजाचे ट्रक फिरू लागले की हे स्वच्छ आकाश गेलं. त्याआधी एक तरी फोटो काढणारच.

१५ जाने.
गच्चीवर, परत तेच. कड थरथरते. सासूबाई खालून, "सूर्याकडे काय बघतंस गो, डोळे जातले." फिल्टरचं परत समजावलं. व्यर्थ.

२२ जाने. पेडणे, माहेरी
दुपारी वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या बांधावर बसले होते. भावाच्या गच्चीच्या माथ्यावरून पलीकडे पाहिलं, तर माड लटपटताना दिसले. वारा नव्हता. भिजल्या शेतापलीकडचे माड मात्र स्थिर. हात्तिच्या! खाणीच्या गावची खोड माझी. कपडे, पापड, कोकमाची सोलं, सगळं धुळीपासून वाचवायला गच्चीवर न्यायचं. दुर्बीणही नेली. तापल्या स्लॅबवरची हवाच फोटो नासवत होती. बावळट कुठली!

२९ जाने. कारापूर
दुर्बीण घरामागच्या शेतात. पाय चिखलात. ज्वाला नाही, पण कड सुरीसारखी. जमणार.

३ फेब्रु.
आज ट्रक निघायचा. मी सकाळीच शेतात. मोठी ज्वाला, कडेपासून सुटायला आलेली! तेवढ्यात हे बांधावर. पूजा मांडलीय, ओवाळायला मी हवी, मुहूर्त टळतोय. मी हलले नाही.
"सूर्य काय, उद्या पण येतलो."
"सूर्य येतलो. ही ज्वाला येवची नाय."
हे परत गेले. नारळ स्वतःच फोडला. ट्रक गेल्याचा आवाज ऐकला, तरी कॅमेऱ्यावरून हात काढला नाही. वाईट वाटलं. खूप.
संध्याकाळी हे आले ते धुळीने नखशिखांत तांबडे. फोटो पुढे ठेवला. लख्ख आलाय. हात पुसून बराच वेळ बघत राहिले. "पृथ्वीपेक्षा मोठी?" म्हटलं, कितीतरी. मग जेवायला बसले.
दोरीवरच्या कपड्यांवर आताच थर बसलाय. उद्या आधी ट्रकला ओवाळते. मग शेतात. धुळीतून काही दिसतं का बघते.