कुणाच्या तरी सहीने

न्युरेम्बर्ग
१६ नोव्हेंबर २००८

प्रिय ईश्वरी,

आज रविवार. श्रीधर ऊर्जाला घेऊन पोहायला गेलाय, त्यामुळे घरात दोन तास शांतता आहे. शुक्रवारी कामावरून येताना ट्रेनमध्ये डोळा लागला आणि आपलं स्टेशन गेल्यावर जाग आली. त्रेचाळिसाव्या वर्षी एवढा थकवा बरा नव्हे, असं श्रीधर म्हणतो. म्हणतो आणि चहा मागतो.

तुला जेद्दाच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी मिळतेय हे कळलं. तुझ्याकडून नाही, बाबांकडून. असो. मागच्या वर्षी मी सात महिने तिथेच होते, आमच्या कंपनीची स्कॅनिंग मशीन्स तिथल्या बायकांना शिकवायला. पण तिथलं तुला कधी नीट सांगितलंच नाही. गेली कित्येक वर्षं आपलं फोनवरचं बोलणं हवापाण्याच्या पुढे जातच नाही ना.

तिथे मला हनान भेटली. एकतीस वर्षांची, त्या विभागातली सगळ्यांत तयार टेक्निशियन. एखादी पेशंट घाबरली की ती मशीनच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दाखवायची, आता अस्सा आवाज येईल म्हणून. बायका हसायच्या आणि निमूट आडव्या व्हायच्या. तिचे वडील वारलेले, त्यामुळे नोकरी असो की प्रवास, कागदावर धाकट्या भावाची सही लागायची. तो तेवीस वर्षांचा. त्याला पाढे हिनेच शिकवलेले. बायकांना गाडी चालवायची परवानगी नाही, म्हणून ड्रायव्हर आला नाही तर त्या दिवशी रजा.

मी जाऊन दोन महिने झाले आणि भावाने सही मागे घेतली. त्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी विचारलं होतं, तुमची बहीण परक्या पुरुषांबरोबर काम करते का? हनान चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली ती आईला घेऊन. आई निरक्षर, गुडघ्यांनी अधू. स्कॅनिंगच्या खोलीबाहेर एक बाक होता, त्यावर ती बसली आणि हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंना म्हणाली, “मी इथे आहे. माझ्यासमोर ती काम करेल. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा.” त्यांनी चालवून घेतलं, कारण हनानइतकी तयार बाई त्यांनाही मिळत नव्हती. त्यानंतर चार महिने ती म्हातारी रोज आठ तास तिथे बसली. मी एकदा विचारलं, कंटाळा येत नाही? हनानने भाषांतर केलं. म्हातारी म्हणाली, “घरी बसण्यातच आयुष्य गेलं. इथे निदान माणसं दिसतात.”

शेवटी लोक भावालाच विचारायला लागले, तुझी आई आजारी आहे का, रोज हॉस्पिटलात दिसते? लाजेपोटी त्याने सही केली. मला तर नाचावंसं वाटत होतं. हनान मात्र खुर्चीत नुसती बसून राहिली. म्हणाली, “आनंद व्हायला अंगात ताकदच उरली नाही गं. आणि पुढे पुन्हा कशाला तरी सही लागेलच.”

या सप्टेंबरात ती सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला इथे आली. पहिल्याच दिवशी आमचा साहेब जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्याकडच्या बायकांची मला फार दया येते. हनानने काटा खाली ठेवला आणि विचारलं, “तुमच्या विभागात बावीस इंजिनियर आहेत. त्यांत बायका किती?” एकटी मीच. तो ‘या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, बरोबर’, असं काहीतरी पुटपुटत सॅलड खात राहिला. ती घरी आली तेव्हा मी तिला शेजारच्या बाईंनी मला दिलेली पदवी सांगितली. राबेनमुटर. म्हणजे पिल्लं टाकून उडून जाणाऱ्या डोमकावळ्यासारखी आई. ऊर्जा लहान असताना तिचं किंडरगार्टन बाराला सुटायचं आणि मी घरी यायचे पाचला, म्हणून. हनान डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “पण तुला कुणाची सही लागत नाही, मालिनी. हे विसरू नकोस.” ती परत गेली, पुन्हा कामाला लागली, पण ते वाक्य इथेच ठेवून गेली.

तर जेद्दा अवघड आहे. पासपोर्ट बहुतेक ते स्वतःकडे ठेवतील, हॉस्टेलमधून मनात येईल तेव्हा एकटीला बाहेर पडता येणार नाही, काळ्या पायघोळ अबायात उन्हाळा नकोसा होईल. आणि बायकांच्या वॉर्डात तुला जो मान मिळेल, तो पुण्यात दहा वर्षांत मिळालेला नाही. दोन्ही खरं आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा बाबांचा फोन आला होता. म्हणाले, “तू तिथलं बघून आलीस. तिला जरा घाबरव. घटस्फोट झालेली पोर एकटी तिकडे गेली तर लोक काय म्हणतील? तुझं ती ऐकते.” ऐकतेस हे त्यांना पक्कं माहीत आहे, कारण एकदा ऐकलं होतंस. दोन हजार साली तुला इथल्या नर्सिंगच्या पुढच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि मी लिहिलं होतं, आमचं घर लहान आहे, ऊर्जा तान्ही आहे, वर्षभर थांब. घर लहान नव्हतं, इशू. बाबांनी तुझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं आणि मला तसं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं. मलाही ते सोयीचंच होतं, घरात आणखी कुणी नको होतं. तू थांबलीस, लग्न केलंस, पुढे काय झालं ते तूच भोगलंस. हनानच्या भावाला मी मनातल्या मनात काय काय बोलले, आणि मी केलं तेही तेच, फक्त टपालाने. आज सकाळी बाबांना सांगितलं, पत्र लिहीन, पण तुम्हाला हवं ते नाही. जा किंवा जाऊ नकोस. माझ्यावर रागाव, उत्तर पाठवू नकोस, चालेल. फक्त या वेळी कुणालाही विचारू नकोस. मलाही नाही.

चुकलेली, पण तुझीच,
ताई