फक्त चार टिचक्या

थंडर बे,
सोमवार, ६ मार्च १९९५

प्रिय ओलावी,

आपल्या पहिल्या अल्बमला सुवर्ण तबकडी मिळाली. गुरुवारी कंपनीच्या मार्शाबाईंचा फोन आला, विक्रीचा आकडा पक्का झाल्याचं त्यांनीच सांगितलं. तुला व्हँकुव्हरला ते माझ्या आधीच कळलं असणार. तरी अभिनंदन. घसा सांभाळ, रोजच्या मुलाखतींनी बसायचा.

आई बरी आहे. गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण ती ऐकत नाही. तबकडी कुठे लावायची ते तिनं ठरवून टाकलंय: सौनाच्या बाहेरच्या खोलीत, टॉवेलांच्या खुंट्यांवर. "येणारा-जाणारा तिथंच कपडे काढतो, बघितल्याशिवाय जाईल कुठे?" मी म्हटलं, वाफेनं खराब होईल. "होऊ दे. माणसं नाही होत?"

खानावळीत मिसेस कोस्की रोज विचारतात, "आता कशाला गं पॅनकेक उलटायला येतेस? सोन्याची झालीस ना?" मी हसते. १८ तारखेच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं गेली. मिसेस कोस्कींना पहिल्या रांगेतलं मिळालंय. कानात घालायला कापूस आणणार आहेत म्हणे.

मी रोज तळघरात ड्रमचा सराव करते. रेकॉर्ड लावून. तूच सांगितलं होतंस ना, मागच्या हिवाळ्यात, पहिल्या दौऱ्याच्या आधी? "हेल्वी, रेकॉर्डवर वाजवलंस तसंच वाजव. लोक तेच ऐकायला येतात." मी म्हणाले होते, मला आठवतच नाही मी असं कधी वाजवलं. तू म्हणालास, "चांगलं वाजवलं की असंच होतं." मला ते इतकं आवडलं होतं की मी आईलाही सांगितलं.

'आजोबांची होडी'मध्ये शेवटच्या कडव्याआधी ड्रमवर ती उतरती थाप आहे. मी डावरी. माझे ड्रम उलटे मांडलेले, त्यामुळे माझी थाप उजवीकडून डावीकडे उतरते. हेडफोन लावले की रेकॉर्डवर ती डावीकडून उजवीकडे जाते. वर्षभर मी समजत होते, स्टुडिओतल्या कुणी मशीनवर बाजू बदलली असेल. पण मग गाण्यातली तुझी गिटार मात्र आपल्या जागेवर कशी? हा प्रश्न मला पडायला वर्ष लागलं. मंद आहे मी. टोरांटोच्या त्या प्रोड्युसरचंही हेच मत होतं, नाही का? माझा ताल मागे रेंगाळतो म्हणून.

परवा शनिवारी डंकन आला होता. आईनं सौना तापवला, तिघं बसलो. आपला बेस गिटारवाला आपल्यासारखा फिनिश वंशाचा नसला तरी आईनं त्याला पंधरा वर्षांचा असताना बजावलंय की सौनाच्या बाकावर बसून खोटं बोललं तर पाठीवर फोड येतात. अजून खरं मानतो बिचारा. आई आधी बाहेर गेली. मी तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं आणि विचारलं, "डंकन, रेकॉर्डवर ड्रम कुणी वाजवलेत?"

"हे बघ, हेल्वी, कपडे घालून बोलू या का?"

"नाही. इथंच."

त्यानं घाम पुसला. मग म्हणाला, "टोरांटोचा एक माणूस आहे. पैसे घेऊन वाजवतो, नाव लावत नाही. सगळी गाणी त्यानं वाजवली." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "होडीच्या सुरुवातीच्या टिचक्या तेवढ्या तुझ्या आहेत. तुझ्या टेपवरून घेतल्या. ओलावी म्हणाला, त्या तरी राहू द्या."

काठीवर काठी, चार वेळा. अख्ख्या अल्बममध्ये माझं एवढंच.

आता मला कळतंय, गेल्या नाताळात तू सौनात का आला नाहीस. घसा म्हणालास. आईच्या वाढदिवसाला सर्दी. जूनमध्ये तर सरळ गावातल्या हॉटेलात उतरलास, कंपनीनं खोली घेतलीय म्हणून. आई म्हणाली, मोठा माणूस झाला. मला वाटलं, थकला असेल.

तुझ्यावर कुणी दबाव आणला असेल. दुसरा माणूस घ्या, नाहीतर अल्बम विसरा, असं म्हणाले असतील. तू मला विचारलं असतंस तर मी कदाचित हो म्हणाले असते. चार दिवस बोलले नसते, पण हो म्हणाले असते. स्टुडिओत असं चालतं, हे मलाही ठाऊक आहे.

पण तू मला रेकॉर्डिंगच्या मधूनच टोरांटोहून घरी पाठवलंस. "तुझं काम झालंय, आईच्या ऑपरेशनला तू जा, मी इकडचं बघतो." बसच्या तिकिटासोबत वाटेत खायला सँडविच दिलंस. इथपर्यंत अख्ख्या प्रवासात मी विचार करत होते, माझा भाऊ किती समजूतदार झालाय. इकडे मी आईचा गुडघा शेकत होते आणि तिकडे माझ्या जागेवर माणूस बसला होता. वर त्याचीच नक्कल तू मला शिकायला लावलीस, माझीच म्हणून. आणि शुक्रवारी रेडिओवर म्हणालास, "हेल्वीचे ड्रम म्हणजे आमच्या घराचा पाया." आईनं आवाज वाढवला होता.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. डंकनवर चिडू नकोस, त्यानं पाठ वाचवली.

फोन करू नकोस. फोनवर तू मला हसवतोस आणि मग मी काही बोलत नाही.

शुक्रवारी, १७ तारखेला, तुझं विमान दुपारी येतं. संध्याकाळी मी सौना तापवणार आहे. तू ये, बाकावर बस आणि आईसमोर तुझ्या तोंडानं सांग. मग शनिवारी मी सगळी गाणी वाजवीन, माझ्या हातानं, मागे रेंगाळत. त्या प्रोड्युसरला पहिल्या रांगेत बसव.

नाही आलास तरी मी शनिवारी स्टेजवर असेन. लोकांनी तिकिटं काढलीत. दिवे लागले की 'आजोबांची होडी'च्या चार टिचक्या देईन, अगदी रेकॉर्डवरच्यासारख्या. मग काठ्या खाली ठेवीन आणि खाली उतरून मिसेस कोस्कींच्या शेजारी बसेन.

टॉवेल तुझ्या खुंटीवर आहे.

हेल्वी