चुन्याच्या डबीतला सेल

३ मार्च ८७, मंगळ.
साहेबांनी पुण्याहून नवं कॅलिपर आणलं. आकडे दिसणारं. काचेत माप आपोआप उमटतं, रेघा मोजायच्या नाहीत. अख्ख्या वर्कशॉपला एकच. कुलूप माझ्या स्टोअरचं, म्हणजे जोखीमही माझीच. सगळे हसले, "घड्याळ आणलंय साहेबांनी." लेथवरचे तात्या हसले नाहीत. हात पुसून आले, म्हणाले, "बघू दे की मलाबी."

९ मार्च
तात्या रोज सगळ्यांच्या आधी खिडकीशी येतात, तेच कॅलिपर मागतात. एकोणीस वर्षं लेथवर रेघांच्या व्हर्नियरनं मापं घेतलेला माणूस! आज रजिस्टरात त्यांनी दुसऱ्याच्या नावापुढं सही केली. मी करवादले. ते खिडकीत वाकून हळू आवाजात बोलले. मग कळलं.
मोतीबिंदू. दोन्ही डोळे. पिकल्याशिवाय डॉक्टर काढत नाहीत. "आकडे मोठं हायेत त्यात," म्हणाले. "कुनाला बोलू नको पोरी." साहेबांचा नियम आहे, ज्याला माप दिसत नाही तो गेटवर राखणीला. तात्या गेटवर खुर्ची टाकून बसलेत, हे मला बघवणार नाही. बाबा गेल्यावर मला ही नोकरी लागावी म्हणून वर्कशॉप चालवणाऱ्या संस्थेच्या पायऱ्या त्यांनीच झिजवल्या.

२० मार्च
आकडे फिके पडले. अजून महिनाही झाला नाही. येडशीच्या घड्याळवाल्याला दाखवलं. म्हणे बटण बंद केलं तरी हे आतल्या आत आपला बटणाएवढा सेल खातंच. त्याच्याकडं असला सेल नाही, सोलापूरला सांगतो म्हणाला. जवळच्या वाशीत, भूमला तर नावच नको.
तात्यांना म्हटलं, सुट्टी झाली की सेल काढून घ्या, सांभाळून ठेवा. काय हुशारी माझी.

२८ मार्च, शनि.
सेल मेला.
"कुठं ठेवत होता?"
त्यांनी पानाच्या चंचीतून पत्र्याची डबी काढली. चुन्याची! आत ओला चुना, त्यात सेल, पांढरा फटक. लई बोलले मी. डबी पत्र्याची, चुना ओला, सेल टिकेल कसा, अक्कल आहे का वगैरे. वडिलांच्या वयाच्या माणसाला. ते डबी मिटून म्हणाले, "तू म्हनलीस सांभाळून ठेवा. ही डबी मी कवा हरवली न्हाय."
जेवण गेलं नाही मला.

३० मार्च
गावोगावच्या हातपंपांचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी, आमच्याकडंच होतात. पाणी खोल गेलंय, दांडा मारून मारून बुश झिजतात. रोज कोणीतरी बाया ट्रॅक्टरमधून येऊन फाटकाशी बसतात. काम थांबवता येत नाही.
"तात्या, मी वाचू?"
त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिलं. आधी मोठ्या पट्टीची रेघ, मग सरकत्या पट्टीची कुठली जुळते ती. लेथचं चाक त्यांच्या हाताला कळतं, त्याला डोळे लागत नाहीत. मी आकडा सांगायचा, ते फिरवणार.
पहिला बुश मी घालवला. एक रेघ कमी मोजली, त्यांनी तेवढं जादा कापलं, दांडा आत खुळखुळला. वाटलं आता शनिवारचं सगळं फेडतील. म्हणाले, "माझाबी पयला गेलता. वस्तादानं कानफटात दिली हुती. तुला काय देऊ, भुईमूग?"
आणि खरंच खिशातून शेंगा काढून दिल्या.

६ एप्रिल
रोज दुपारी लेथवर. कोणी विचारलं तर सांगते, "नग मोजून घेते स्टोअरसाठी." माझे आकडे आता चुकत नाहीत. लोखंडाचा वास घरापर्यंत येतो, आई नाक मुरडते. खरं सांगायचं तर मला आवडतंय. इतकी वर्षं मी हत्यारं नुसती देत-घेत होते.
साहेब आज मागं येऊन उभे राहिले. जाताना सांगून गेले: पुढच्या सोमवारी एकेकाला लेथवर उभं करणार, एकट्याला. माप ज्याचं त्यानं घ्यायचं.

१० एप्रिल
घड्याळवाल्याचा निरोप. सेल आलाय, एकच. बसनं जाऊन आणला. येताना पर्स मांडीवर घट्ट धरून बसले. तेवढ्याशा टिकलीसाठी.

११ एप्रिल, शनि.
तात्यांना सेल दिला. बसवून आकडे बघितले. ठळक. चेहरा फुलला त्यांचा. वाटलं, झालं, आता मी परत खिडकीत.
त्यांनी सेल बाहेर काढला. कापसात गुंडाळला, काडेपेटीत ठेवला, पेटी माझ्याकडं दिली. "सोमवारापुरता. तुझ्याच कुलपात असू दे. माझ्या डबीचा भरोसा न्हाय."
मग व्हर्नियर पुढं केलं. "वाच."
आजचे अकरा बुश मी वाचले. सगळे बसले.
मंगळवारी चौदा एप्रिलची जयंती. पांढरी साडी धुऊन ठेवलीय. पण आधी सोमवार. काडेपेटी दोनदा हलवून पाहिली, आहे आत. सोमवार निभेल. मोतीबिंदू पिकेपर्यंत हा सेल पुरेल का, हे तात्यांनी विचारलं नाही, मीही नाही.