कोरड्या टाकीचा आवाज

दि. ९ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझी वहिनी म्हणते, "भाऊजींना लिहा, तुमचं पोट सुटलंय. तेवढंच त्यांना बरं वाटेल." लिहिलं बघ.

वर्कशॉपात आता कडक शिस्त आहे. डिझेल-पेट्रोलची चिरलेली टाकी वेल्डिंगला आली की आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची. मग चीर वर येईल अशी फिरवायची, चिरेच्या चार बोटं खालपर्यंत पाणी भरायचं, झाकण उघडं. गॅसचं मीटर शून्य दाखवेपर्यंत ठिणगी पाडायची नाही. जोड झाला की थोडी हवा भरून वर साबणाचं पाणी. एक बुडबुडा दिसला तरी घासून पुन्हा. परवा एक ट्रकवाला वैतागला. "शेठ, एवढ्या वेळात माझं लग्न लागलं असतं!" म्हटलं, "घाई केलीस तर ते राहूनच जाईल."

हसलास ना? ही शिस्त तुझीच. तू इथे काम करायचास तेव्हा मी तुला 'मास्तर' म्हणून चिडवायचो.

माझ्या कानाचं कौतुक तुला ठाऊकच आहे. बोटाने टाकी वाजवायची आणि सांगायचं, ओली की कोरडी. लोक बघत थांबायचे. शाळा नाही, शिक्षण नाही, कानाच्या जोरावर वर आलो, याचा मला कोण माज! पण थेंब वाजतो रे. पेट्रोलच्या वाफेला आवाज नसतो.

त्या दिवशी तू विचारलंस, "दादा, पाणी भरून घेऊ?" मी टाकी वाजवली. "ठणठणीत कोरडी आहे. मास्तरकी पुरे, कर सुरू." आणि चहा सांगायला बाहेर गेलो. तू ठिणगी पाडलीस आणि आतली वाफ भडकून टाकी फुटली. मला भिंतीने वाचवलं. तुझे दोन्ही कान गेले.

इथवर तुला माहीत आहे.

दवाखान्यात अपघाताची चौकशी करणारे सरकारी साहेब आले होते, आठवतं? तुझ्या खाटेशी उभा राहून मी त्यांना सांगितलं, "याने मला विचारलंच नाही. घाई केली." त्यांनी तुला विचारलं, "असंच झालं ना?" तुला काहीच ऐकू आलं नाही. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मी मान डोलावली. मग तूही डोलावलीस.

कागदावर तुझा निष्काळजीपणा लागला. नंतर तुला कुणी वेल्डिंगचं काम दिलं नाही. तुला वाटलं, कानांमुळे. वेल्डिंगला हात आणि डोळे लागतात. ते तुझे शाबूत होते.

सहा वर्षं पत्रातून मी तुला पोटाच्या आणि ट्रकवाल्यांच्या गप्पा सांगतोय. तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं.

काल त्या साहेबांच्या कचेरीत जाऊन खरं काय ते लिहून दिलं. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. काम मागायला जाशील तिथे दाखव. माझ्या वर्कशॉपाचं काय करायचं ते साहेब ठरवतील. वहिनीला रात्री सांगितलं.

तू ज्याला विचारलं होतंस, तो
तुझा दादा