नेलची ओळ

कॅरोलायना, १७ जानेवारी १९०९

प्रिय व्हर्डीताई,

तुझं पत्र आणि वाळवलेली सफरचंदं फेरीवाल्याकडून पोचली. हायरमचा खोकला तसाच आहे. गिरणीची धूळ एकदा छातीत शिरली की बिऱ्हाडच थाटते. तुमच्या डोंगरावर बर्फ पडला का?

वर्तमानपत्रातली मुलगी आपली ऑर्पाच का, असं विचारतेस. तीच गं. यंत्रांचे फोटो काढतो असं सांगत एक कॅमेरावाला आला होता. मीच त्याला ओसरीवर बोलावलं, ऑर्पाची वेणी घातली. त्याने विचारलं, "बाई, पोरगी केवढी?" मी मोठी शहाणी! "मार्चात दहाची होईल. पण सूत कातायच्या चात्यांच्या चार रांगा एकटी सांभाळते, मोठ्या बायका झक मारतात!" लेकीच्या कौतुकाने जीभ सैल सुटली, दुसरं काय.

फोटोखाली तेच छापलंय: वय नऊ. कायद्याने बारा लागतात, आणि कामावर लावताना मी बाराच सांगितले होते. आता सरकारी माणूस चौकशीला येतोय. गिरणीच्या घरात खोलीमागे एक कामकरी लागतो. खोल्या दोन, नवरा असा खोकत पडलेला, कामाला मी आणि ती. काल गिरणीचे साहेब स्वतः दारात आले. "कॅली, घरच्या बायबलाच्या पानावर लिहिलेली पोरीच्या जन्माची नोंद दाखव, म्हणजे फोटोवाला खोटा ठरेल. नाहीतर शनिवारी घर रिकामं कर."

ताई, रागावू नकोस. आमची नेल जगली असती तर आज बारा वर्षांची असती. तिच्या जन्माची ओळ मी ठेवली, मृत्यूची चाकूने खरवडली. ऑर्पाचा जन्मही खरवडला. मग तिला समोर बसवून म्हटलं, "विचारलं तर तुझं नाव नेल. ऑर्पा लाडाचं."

ती म्हणाली, "मग आई, मेली कोण? मी?"

मी तिच्या थोबाडीत मारली. नंतर तिलाच पोटाशी धरून रडले.

तो सरकारी माणूस तुमच्याकडेही विचारपूस करणार म्हणतात. तिथल्या नेलच्या थडग्यावरची नावाची फळी तूच कोरलीस. ती उपटून चुलीत घाल. जागा तेवढी ध्यानात ठेव.

हे पत्र त्याच फेरीवाल्याच्या हाती धाडतेय. तो इतक्यात इकडे परतायचा नाही, तेव्हा तुझं उत्तर टपालाने गिरणीच्या दुकानातून येईल, तिथे फोडून वाचतात. म्हणून ऑर्पाची खुशाली विचारू नकोस. नेलला आशीर्वाद लिही.

तुझी धाकटी,
कॅली